बऱ्हाणपूरच्या तीन प्रतिक्रिया

ही हकीगत मी आठ वर्षं टाळली. निवृत्तीनंतर प्रवासावर बरंच लिहिलं, पण गाडी बऱ्हाणपूरजवळ आली की मी वाचकांना डुलकी लागू द्यायचो आणि एकदम खंडव्याला उठवायचो. आता शहात्तरावं सरलं. मधलं स्टेशन लिहून टाकतो.

आमच्या डाव्या पक्षाचं तिथे अधिवेशन होतं आणि पक्षाच्या साप्ताहिकात त्याचा वृत्तांत मी द्यायचा होता. भुसावळहून सकाळच्या गाडीत बसलो. रावेर मागे पडलं तरी खिडकीबाहेर केळीच केळी. राज्य बदललं हे पाट्यांवरून कळलं, बागांवरून नाही. लालबागला उतरलो. रिक्षावाल्यानं विचारलं, "लाल झेंडेवाले ना, बाबूजी? सकाळपासून दोन खेपा झाल्या. दोन्ही खेपांत आपसात झगडा चालू होता. तुम्ही एकटेच आहात, बरं झालं."

गावात पोचल्यावर आधी मावा जलेबी (खव्याची, जाड, जवळजवळ काळी) खाल्ली. पाक खिशातल्या लखोट्यावर सांडला. त्या लखोट्यात सरचिटणीसांच्या उद्याच्या भाषणावर जनतेच्या प्रतिक्रिया होत्या.

वाचकांना नवल वाटेल, आम्हाला वाटत नसे. पान दुपारी दोनला छापायला जायचं आणि दोनला सरचिटणीस भाषणात जेमतेम दक्षिण अमेरिका ओलांडत असायचे. म्हणून संपादक भाषण, भाषणातल्या टाळ्या आणि लोकांच्या प्रतिक्रिया आदल्या दिवशीच लिहून ठेवत. एक यंत्रमाग कामगार, एक शेतमजूर स्त्री, एक विद्यार्थी. नाव-गावाची जागा कोरी. ती भरायची आणि फोटो काढायचा, एवढंच माझं काम. कधी तक्रार आली नाही. ज्यांची वाक्यं छापायचो ते आमचा अंक वाचत नसत, आणि जे वाचत ते आम्हीच होतो.

दुसऱ्या दिवशी भाषण अकराला आंतरराष्ट्रीय परिस्थितीपासून सुरू झालं. पुढच्या रांगा टिपणं घेत होत्या, मागच्या रांगा वरण उकळलं का ते बघायला जाऊन येत होत्या. साडेबारापर्यंत तापीचं नाव निघालं नव्हतं. मी दारापाशी एका यंत्रमाग कामगाराला गाठलं आणि भाषण कसं वाटलं विचारलं.

"झोप लागली, काका. लूमच्या आवाजात लागते तशी. ते पाणी प्यायला थांबले तेव्हा जाग आली. लूम बंद पडला की येते ना, तशीच."

छापील प्रतिक्रिया होती : 'या भाषणाने मी खडबडून जागा झालो.' मी त्याचं नाव भरलं. म्हटलं, अगदीच खोटं नाही. विद्यार्थी मिळेना, तेव्हा स्वागत समितीच्या चिटणिसांचा भाचा चालवून घेतला.

शेतमजूर स्त्री म्हणून सरूबाई भेटली. जसोंडीहून बायांबरोबर ट्रॅक्टरमधून आली होती. केळीच्या शेडमध्ये फण्या धुऊन खोक्यांत भरायचं काम करायची.

"भाषण लई मोठं चाललंय, भाऊ," ती म्हणाली. "लेकिन आमच्या शेडीत बायांसाठी संडास नाही, त्याचं काही बोलले नाहीत. मी सेठजींच्या मागे लागून लागून त्यांना हो म्हणायला लावलं. होळीनंतर बांधतो म्हणाले. ते लिहा ना. छापून आलं की मागे नाही फिरणार."

मी मान डोलावली, नाव लिहून घेतलं, फोटो काढला. तिच्या नावावर छापून आलं : 'मालकाच्या जुलमाविरुद्ध आम्ही एल्गार पुकारला आहे.'

अधिवेशन उरकल्यावर गाव बघायला मी दोन दिवस राहिलो. सकाळी राजघाटावर बसून तापी पाहिली, दुपारी दराबा (रवा, साखर आणि तूप फेटून करतात तो) खाल्ला. तिसऱ्या दिवशी छापील अंक आले. दोन स्थानिक कॉम्रेड म्हणाले, सरूबाईला अंक देताना फोटो काढू. मी उत्साहानं निघालो.

जसोंडीच्या शेडमागे नव्या विटांचा ढीग होता. सरूबाई शेडच्या बाहेर उभी होती, बाकीच्या बाया आत. सेठ चाळिशीचे, शांत आवाजाचे. त्यांच्या मोबाइलवर आमचं पान कुणीतरी आधीच पाठवलं होतं.

"हे पाहा, आलेच!" सरूबाईचा चेहरा उजळला. "भाऊ, तुम्हीच सांगा सेठजींना. मी संडासाचंच बोलले ना?"

सेठनी विचारलं, "तुम्ही लिहिलं ना हे, काका? ही असं बोलली का? नाही म्हणा. बात इथेच खतम."

माझ्या मागे दोन कॉम्रेड उभे होते. आमच्या साप्ताहिकात खोटं छापलं जातं, हे मालकासमोर कबूल करायचं होतं. मी म्हणालो, "शब्द थोडे इकडेतिकडे असतील. आशय तोच होता."



"सरूबाई, उद्यापासून येऊ नका," सेठ म्हणाले. मग आत वळून त्यांनी हाक दिली, "त्या विटा गोठ्याकडे घेऊन चला रे."

परतताना कॉम्रेड खूश होते. "मालकवर्ग उघडा पडला!" पुढच्या अंकाचा मथळा होता : 'सरचिटणीसांच्या भाषणाचा मालकवर्गाला धसका.' ती भाषणावरची चौथी प्रतिक्रिया ठरली, आणि आधी न लिहिलेली ती एकच. मी खुलासा छापायची विनंती केली. संपादक म्हणाले, "आपल्याकडे खुलाशाचं सदर नाही, कारण आपल्याकडे चूक होत नाही." मी पुढची तीन वर्षं त्याच साप्ताहिकात लिहीत राहिलो.

त्या दिवशी सरूबाई आमच्यामागे रस्त्यापर्यंत आली होती. तिनं एवढंच विचारलं, "भाऊ, तुम्ही असं का बोललात?" तेवढ्यात जीप आली आणि मी चढलो. त्यानंतर दोनदा लालबागला उतरलो. एकदा राजघाटापर्यंत गेलो, एकदा जसोंडीच्या फाट्यापर्यंत. दोन्ही वेळा दराबा घेऊन घरी आलो आणि सहल छान झाली असं सांगितलं. आता गुडघे साथ देत नाहीत. फाट्यावर उभा असताना जे पाठ करत होतो, ते असं :

सरूबाई, ते वाक्य तुमचं नव्हतं. तुम्ही मला भेटायच्या आधीच ते लिहिलेलं होतं, मी फक्त तुमचं नाव घातलं. तुम्ही संडासाचंच बोलला होतात. सेठनी विचारलं तेव्हा मला सगळं आठवत होतं. मला माफ करा.