शेजारची डिश

वहिनी कामाला निघाली की सासूबाईंचं ठरलेलं असे, "चालली आमची सून पेशींना जेवू घालायला." त्यात खोटं काही नव्हतं. प्रयोगशाळेत चपट्या डिशमध्ये वाढणाऱ्या पेशींचं गुलाबी पाणी रोज बदलावं लागतं. घरात पाहुणे असोत की रविवार असो, त्यांना त्याचं सोयरसुतक नसतं. वहिनी हसायची आणि चपला सरकवायची. तिच्या कामाकडे घरात कुणी याहून जास्त लक्ष दिलं नव्हतं.

धाकट्या दिराचे डोळे अधू होऊ लागले, तेव्हा मात्र सगळ्यांचे कान टवकारले. भावजी घड्याळं दुरुस्त करायचे. डोळ्यामागचा पडदा सुकत चालला होता आणि त्यावर औषध नव्हतं. डॉक्टरांनी एवढंच सांगितलं, की थोडंफार दिसतंय तोवर पांढरी काठी घेऊन चालायला शिका. शिकवणाऱ्या बाईंनी त्यांच्यासाठी जागाही राखून ठेवली होती.

प्रयोगशाळेला अशाच रुग्णांच्या कातडीचे नमुने हवे होते. भावजींनी दंडाचा इवलासा तुकडा दिला. हे फक्त अभ्यासासाठी आहे, यातून उपचार होणार नाही, असं तिथल्या मॅडमनी त्यांना दोनदा समजावलं होतं. त्यावर पाणी फिरवलं ते वहिनीने, घरी, जेवताना.

त्या तुकड्याचं पुढे काय करतात, असं कुणीतरी विचारलं आणि तिला बोलायला हुरूप आला. म्हणाली, प्रत्येक पेशीकडे अख्खं घर असतं, पण कातडीची पेशी आपल्या एका खोलीत राहते आणि बाकी खोल्यांना कुलपं घालून टाकते. ती कुलपं काढली की पेशी पुन्हा कोरी होते. कोऱ्या पेशीला मग डोळ्याची पेशी व्हायला शिकवता येतं. सगळे घास हातात धरून ऐकत होते. सासूबाईंनी त्या दिवशी पहिल्यांदा तिला आधी वाढलं. कुलपं किती चिवट असतात, हे सांगायचं तिने टाळलं. पेशीच्या दोन पेशी झाल्या तरी दोघींकडे तीच कुलपं जातात. हजारोंतून एखादीच पुरती उघडते, आणि कित्येक अर्ध्या उघडून पुन्हा कातडीच होऊन बसतात. यातलं तिने काहीच सांगितलं नाही.

भावजींनी काठीच्या बाईंना नको म्हणून कळवलं. "नवे डोळे येतायत, काठी घेऊन कुठे मिरवू?" म्हणून सगळ्यांना हसवलं. वहिनी ताटातलं मीठ बोटाने सारखं करत राहिली.

पुढे एके दुपारी ते स्वतःच प्रयोगशाळेत आले. "दाखवा की वहिनी, माझी मंडळी काय म्हणतायत."

तिने त्यांची डिश सूक्ष्मदर्शकाखाली धरली. लांबट, टोकदार पेशी, वाऱ्याने एका बाजूला निजवलेल्या गवतासारख्या. मधे कुठेतरी दोन-चार जणी गोळा झाल्या होत्या, पण कडा विस्कटलेल्या. त्याही पुन्हा कातडीकडेच परत फिरत होत्या. मागे भावजी खुर्ची चाचपत बसले होते. वहिनीने ती डिश बाजूला केली आणि शेजारची ठेवली. त्यात गोल, घट्ट, चकचकीत काठांचे पुंजके होते. अगदी कोऱ्या पेशी. दुसऱ्याच कुणाच्या.

भावजींनी उरल्यासुरल्या नजरेने डोकं वाकडंतिकडं करून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग डोळे पुसत म्हणाले, "आईला सांगतो. म्हणावं, तुझा लेक सुधारतोय."

वहिनीने डिश उबेच्या कपाटात ठेवली आणि ती त्यांना सोडायला बाहेर आली. जिन्यावर त्यांनी कठड्याला हात लावला आणि पहिली पायरी पायाने शोधली. तिला ते बघवेना.

"भावजी, थांबा. त्या तुमच्या नव्हत्या."

ते थांबले.

"तुमच्या अजून कातडीच्याच आहेत. पुढेही राहतील, असं वाटतंय. आणि कोऱ्या झाल्या असत्या, तरी त्यातून तुमचा डोळा झाला नसता. मला ठाऊक होतं. त्या दिवशी जेवतानाही ठाऊक होतं."

खालच्या मजल्यावर कुणीतरी दार लावलं. भावजींनी मान वळवली.

"मग त्या कुणाच्या?"

"माहीत नाही. कुणी एक बाई आहे."

"बरं आहे तिचं," ते म्हणाले. आवाजात चेष्टा नव्हती.

वहिनीने आधाराला हात पुढे केला. त्यांना तो दिसला नाही, की दिसूनही त्यांनी घेतला नाही, ते तिला कळलं नाही, आणि विचारायला तोंड नव्हतं. ते कठडा धरून एकेक पायरी उतरत गेले. ती दोन पायऱ्या मागे राहून चालली. खाली पोचल्यावर त्यांनी तिच्याकडे न बघताच म्हटलं,

"त्या काठीच्या बाईंना फोन लावा. जागा गेली असेल, तर का गेली ते तुम्हीच सांगा."

तिने तिथेच, दारात उभं राहून फोन लावला. जागा गेली होती. वहिनीने का ते सांगितलं, सगळं, भावजींना ऐकू जाईल असं. पलीकडून बाई म्हणाल्या, पुढच्या तुकडीत नाव घालते. पण तोवर त्यांना किती दिसत असेल, कोण जाणे.