दुसऱ्याच्या नावाने दिलेलं रक्त

आमच्या समाजाच्या वधूवर परिचय पुस्तिकेचं काम बरीच वर्षं माझ्याकडे आहे. जळगावात घरी बसून मी अर्ज तपासते, फोटो मागवते, चुकलेले फोन नंबर दुरुस्त करते. याद्या नीट असल्या की माझं डोकं शांत राहतं. माणसांबद्दल मात्र या कामातून फारसं चांगलं काही कळलेलं नाही. ‘रंग’ या रकान्यात अख्ख्या जळगाव-धुळ्यात एकही मुलगी सावळी नसते, सगळ्या गव्हाळ. मुलांची उंची अर्जावर येईपर्यंत दोन इंच वाढते. हे सगळं मी मुकाट्याने छापते.

रक्ततपासणीची अट तेवढी मी हट्टाने घातली. माझ्या चुलतबहिणीच्या मुलीला सिकलसेल आहे. तिच्या रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नळ्यांत अडकतात आणि मग हाडं अशी दुखतात की नऊ वर्षांची पोर उशी चावते. तिचे आईबाप धडधाकट आहेत. दोघेही वाहक, म्हणजे दोष रक्तात आहे पण स्वतःला त्रास काहीच नाही. एकच वाहक असेल तर मुलांना हा आजार होत नाही. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणी चारातली एक शक्यता आजारी मूल होण्याची. लग्नाआधी एक चमचाभर रक्त तपासलं असतं तर त्यांना हे कळलं असतं.

म्हणून जानेवारीत मंडळाच्या हॉलमध्ये शिबिर ठेवलं. पुस्तिकेत नाव हवं असेल तर तपासणी करायची, अहवाल बंद पाकिटात ज्याचा त्याला मिळणार, माझ्याकडे फक्त ‘तपासणी झाली’ एवढी नोंद. सोबत रक्तगटही बघून देणार होते. लोक आले, पण वैतागून आले. एकाने वापरलेल्या कापसाच्या डब्यात गुटख्याची पिंक टाकली. खुर्च्यांखाली केळ्यांची सालं. मी दारातल्या टेबलावर आधार कार्ड बघत होते आणि यादीवर खुणा करत होते. किती भराभर काम उरकतंय याचं मला कौतुक वाटत होतं. कार्ड बघितलं, नाव बघितलं. तोंडं बघितली नाहीत. ती चूक माझी.

पंधरा दिवसांनी पाचोऱ्याहून अक्का आणि तिचा नवरा आले. अक्का माझ्या लांबच्या नात्यातली. तिच्या मुलाचं धुळ्याच्या एका मुलीशी जमत आलं होतं. मुलीच्या वडिलांनी स्वतःहून सांगितलं होतं की मुलगी वाहक आहे, मुलाचा अहवाल दाखवा, चांगला असेल तर पुढे बोलू. असं सरळ सांगणारा बाप मी या कामात दुसरा पाहिलेला नाही.

अक्काने पाकीट टीपॉयवर ठेवलं. “हे चुकलंय. बदलून दे.”

मी कागद बघितला. मुलगा वाहक, असं लिहिलेलं होतं. मी म्हटलं, शंका असेल तर शिबिराचे डॉक्टर पुन्हा तपासतील, मुलाला घेऊन या. तर ती म्हणाली, मुलाला कशाला, तुझी ओळख आहे, तूच सांग. मी उठून मुलाचा अर्ज काढला. अर्जावर रक्तगट ओ. सोबत जोडलेल्या लायसन्सच्या प्रतीवरही ओ. अहवालात बी. मी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले आणि विचारलं, हे कसं?

अक्काचा नवरा पंख्याकडे बघायला लागला. अक्काने खारी चहात बुडवली, खाल्ली आणि म्हणाली, “आता तुझ्यापासून काय लपवायचं.”

त्यांचा मुलगा अंगाने किरकोळ, दर महिन्याला सर्दी-खोकला. त्याच्या रक्तात काहीतरी निघणार अशी त्यांना धास्ती. म्हणून त्यांनी शिंदखेड्याच्या पुतण्याला त्याच्या नावाने उभं केलं होतं. पुतण्या कापसाचं गाठोडं एकट्याने उचलतो, आयुष्यात दवाखाना माहीत नाही. असलं अंग म्हणजे रक्त चोख, असा हिशोब. आणि दोष निघाला नेमका त्याच्यात. त्यांच्या मुलाचं काय ते कुणालाच माहीत नाही, कदाचित तो अगदी ठीक असेल. मला हसू यायला हवं होतं. पण मी विचारलं, पुतण्याला सांगितलं का?

माझ्या घरी अक्का नेहमी शहरी बोलते. त्या वेळी अहिराणीवर घसरली. “तेनं लगीन व्हई जायेल शे. आते तेले सांगीसन काय करनं?”

म्हणजे तपासणी ही सोयरीक जमवायची वस्तू. लग्न झालं की रक्ताचा संबंध संपला. त्याची बायको गरोदर आहे का, असं मी विचारलं, तर चौथा महिना लागलाय म्हणे. ती वाहक असली तर काय होऊ शकतं ते मी दोनदा समजावून सांगितलं, उशी चावणाऱ्या पोरीसकट. अक्का पदरावर पडलेले खारीचे कण बोटाने टिपून खात होती. तिचा नवरा म्हणाला, झाल्यावर बघता येईल, तोवर हे कशाला उकरायचं, धुळ्यापर्यंत गेलं तर आमची शोभा होईल. ते गेल्यावर मी कपबशा दोनदा घासल्या.

जाताना मी त्यांना बजावलं होतं की दोन दिवसांत पुतण्याला सांगा, नाहीतर मी सांगेन. त्या दोन दिवसांत त्यांनी पुतण्याला सोडून बाकी सगळ्यांना फोन केले. मंडळाच्या अध्यक्षांनी मला समजावलं की ही घरगुती बाब आहे, ताईंनी मन मोठं करावं. मी डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, दुसऱ्याच्या नावाचा अहवाल काही कामाचा नाही, नवरा-बायको दोघांना स्वतःच्या नावाने तपासून घ्या, आणि लगेच घ्या. दोघंही वाहक निघाले तर पोटातल्या मुलाची तपासणी करता येते, पण त्याचे दिवस ठरलेले असतात.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने शिंदखेड्याला गेले. पुतण्याच्या ओट्यावर कापूस पसरलेला होता. तो मला बघून हसला. हो, दिलं होतं रक्त, म्हणाला. दादा सुईला घाबरतो असं काकाने सांगितलं, नंतर हॉटेलात शेवभाजी खाऊ घातली. वर त्याने मलाच बातमी दिली, “रिपोर्ट चांगला आला म्हणे दादाचा.”

मी सगळं सांगितलं, जसं होतं तसं, आणि माझी चूकही सांगितली. तो आधी पुन्हा हसला. मग कापसातल्या काड्या वेचायला लागला आणि वेचतच राहिला. माझ्यासारखा माणूस, ताई, मला कधी तापसुद्धा येत नाही, असं काहीतरी पुटपुटला. त्याची बायको दारात उभी राहून ऐकत होती. बावीस-तेवीसची असेल. तिने विचारलं, ही तपासणी कुठे होते. मी म्हटलं, धुळ्याला.

“मंग बस कितला वाजता शे?”

अर्ध्या तासात आम्ही तिघं बसमध्ये होतो. दवाखान्यात दोघांनी आपापलं नाव सांगितलं, आपापली सही केली. नंतरचे दिवस मी कसे काढले ते सांगण्यासारखं नाही. पुस्तिकेची मुद्रितं तीन वेळा तपासली आणि एकही चूक सापडली नाही, म्हणजे माझं लक्ष नव्हतंच.

अहवाल घ्यायला त्यांनी मला बोलावलं. तो वाहक. ती नाही. डॉक्टरांनी सांगितलं, मूल फार तर बापासारखं वाहक होईल, हा आजार त्याला होणार नाही. मोठं झाल्यावर त्याची तपासणी तेवढी विसरू नका. नवरा व्हरांड्यात येऊन भिंतीला टेकला आणि रडला. पाचोऱ्याहून अक्काचा फोन तेव्हाच आला, तिला कुणीतरी कळवलं असणार. तिचं म्हणणं होतं, निघालं ना सगळं चांगलं, उगाच पोरांची वणवण केलीस; आता आमच्या मुलाचं नाव पुस्तिकेत राहू दे. मी म्हटलं, मुलाला घेऊन या. अजून आणलेला नाही. पुस्तिका त्याच्या नावाशिवाय छापायला गेली.

पण त्या दिवशी दवाखान्यात पुतण्याची बायको हसली नाही की रडली नाही. बाकावर बसून बोटांवर दिवस मोजत होती. मला म्हणाली, काका-काकूंना कोणत्या तारखेला कळलं? पाकीट पोचलं ती तारीख मी सांगितली. तिने पुन्हा मोजलं.

त्यानंतरच्या रविवारी अक्का शिंदखेड्याला जाऊन तिची चोरओटी भरून आली होती. नारळ, पाच फळं, हिरवी साडी. सगळ्या बायका बसलेल्या असताना तिच्या पोटावरून हात फिरवून, सुखरूप सूट, असं म्हणाली होती. पाकीट तेव्हा अक्काच्या घरात फोडलेलं होतं.

हे तिने अगदी हळू आवाजात सांगितलं. नवरा मध्येच म्हणाला, जाऊ दे, मोठी माणसं आहेत. तिने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. जागच्या जागी पोटावरचा पदर झटकला, एकदा, दोनदा, धूळ बसल्यासारखा.

“ताई, तुमना यादीमा त्यासना पत्ता व्हई ना? साडी परत धाडनी शे.”

मी पिशवीतून वही काढली आणि पिनकोडसकट पूर्ण पत्ता सांगितला. तिने तो मोबाइलमध्ये लिहून घेतला आणि बरोबर आहे का म्हणून मला वाचून दाखवला.