दहा लाख बावीस हजार एकशे सतरा

भीमराजने एकतीस वर्षं चाकणच्या कंपनीत गिअरबॉक्सवर नंबर ठोकले. ठोकता ठोकता तो प्रत्येक नंबर मनात फोडून बघायचा. हा तीनने जातो, हा तेराने. जित्याची खोड, दुसरं काय! निवृत्तीच्या दिवशी पोरांनी हार घालून शेवटचा गिअरबॉक्स त्याच्याच हातून ठोकून घेतला. नंबर होता १०२२११७. तो काही केल्या फुटेना, म्हणून भीमराज तो चिठ्ठीवर उतरवून घरी घेऊन आला.

संत तुकाराम नगरातलं घर बायको चतुराबाई गेल्यापासून रिकामंच होतं. लेक मिनल माण गावी, आयटी कंपनीत. अंतर तासाभराचं, पण भेट सणावारी. रविवारी अकराला फोन यायचा. जेवलात का, गोळ्या घेतल्या का, एवढ्यावर दोघंही गप्प व्हायची. नंबर आला आणि बोलायला विषय मिळाला. भीमराज आठवड्याला तीनच भागाकार करायचा, घाई कुणाला होती? रविवारी त्यांच्या बाक्या लेकीला सांगायचा. ती म्हणायची, "पुढं बघा, पप्पा."

त्याचा नियम सोपा होता. दहा लाखाचं वर्गमूळ हजार, तेव्हा हजाराच्या आतल्या मूळ संख्यांनी भागून बघायचं. एकीनेही गेला नाही, तर नंबर स्वतःच मूळ. अशा एकशे अडुसष्ट संख्या तेरा महिन्यांत संपल्या, एकीनेही नंबर गेला नाही. आपल्यासारखाच एकटा कुणीतरी सापडला म्हणून भीमराजला फार बरं वाटलं. पण विषय संपला, आणि फोन परत जेवण-गोळ्यांवर आला. ते त्याला फार लागलं.

एका मंगळवारी दुपारी वही चाळताना त्याने कपाळावर हात मारला. नंबर दहा लाखांचा कुठे होता? वरचे बावीस हजार त्याने किरकोळ म्हणून सोडले होते. एकतीस वर्षांत एक आकडा न चुकलेला माणूस घरी बसून बावीस हजार विसरला! म्हणजे हजाराच्या जरा पुढे जायला हवं होतं. पुढची मूळ संख्या एक हजार नऊ. भागलं, बाकी शून्य. भागाकार एक हजार तेरा.

रविवारची वाट न बघता त्याने फोन लावला. मिनल मीटिंगमधून बाहेर आली. त्याने चूक सांगितली.

"मला पहिल्याच रविवारी कळलं होतं, पप्पा. कॉम्प्युटरवर टाकून बघितला होता."

"मग बोलली का नाहीस?"

"नंबरचं बोलताना तुम्ही फोन ठेवायची घाई करत नव्हता."

भीमराजला वाटायचं, घाई तिला असते. त्याने पेन उचललं.

"दुसरा सांग एखादा. चांगला मोठा सांग," तो म्हणाला, "आणि या वेळी तू उत्तर बघू नकोस."

तिने पंधरा आकडी नंबर सांगितला. आठवड्याला तीन भागाकारांनी तो या जन्मी संपणार नव्हता, हे भीमराजला लिहिता लिहिताच कळलं. त्याने तो सावकाश, एकेक आकडा करत, तिला परत वाचून दाखवला.