लोर्ना हुडेकचा वर झालेला हात

लोर्ना हुडेकवर जीव टाकणारं माणूस एल्डर क्रीकच्या कॉलेजात शोधूनही सापडलं नसतं, आणि तिचं त्यावाचून काही अडतही नसे. ती मुलींच्या टेनिस संघाची कोच म्हणून लागली तेव्हा आयोवातल्या त्या गावात मुलींचं टेनिस म्हणजे पोरखेळ समजत. शनिवारी फुटबॉलचा सामना असला की लोक खुशाल टेनिसच्या कोर्टांवर गाड्या लावत. पहिल्याच वर्षी लोर्ना कोर्टाच्या फाटकात खुर्ची टाकून बसली. फुटबॉलचा कोच गाडीची काच खाली करून म्हणाला, "बाई, बाजूला व्हा. सामना सुरू व्हायचाय."

"माझ्या मुलींचा सराव सुरू व्हायचाय," ती म्हणाली आणि उठली नाही.

त्या दोघांचं बोलणं बंद झालं ते तो मरेपर्यंत. त्याच्या अंत्यविधीला मात्र ती गेली. चर्चमध्ये मागच्या बाकावर बसली, स्तोत्रं म्हटली, विधीनंतरच्या जेवणासाठी घरून करून नेलेलं बटाट्याचं भांडं टेबलावर ठेवलं आणि कुणाशी न बोलता घरी आली.

अशीच भांडत भांडत तिनं नोकरी केली. मुलींचे कपडे तिनं स्वतः धुतले, रॅकेटच्या तारा स्वतः ओढल्या, परगावच्या सामन्यांना व्हॅन स्वतः हाकली. पण तिचं नाव झालं ते यातल्या कशानं नाही. ते झालं तिच्या उजव्या हातानं.

कॉलेजच्या टेनिसात प्रत्येक कोर्टावर पंच नसतो. आपल्या बाजूला पडलेला चेंडू आत की बाहेर, हे खेळणाऱ्या मुलीनंच सांगायचं. समोरचीनं ते मानायचं. आता हातातला गुण जात असताना रेषेवरचा चेंडू बाहेर दिसायला कितीसा वेळ लागतो? लोर्ना कोर्टाच्या कडेला डोळ्यात तेल घालून उभी असे. आपल्या मुलीनं आतला चेंडू बाहेर म्हटला की तिचा हात वर जाई. हात वर गेला की गुण देऊन टाकायचा. हा नियम कुठल्या पुस्तकात नव्हता, लोर्नाचा होता. दुसऱ्या कॉलेजांचे कोच हसत, आईबाप दातओठ खात. पण हात चुकला असं कुणालाही कधी म्हणता आलं नाही.

मार्नी डेव्रीस आली आणि त्या हाताला तोडीस तोड तोंड मिळालं.

मार्नी संघातली सगळ्यांत चांगली खेळाडू. तिच्या वडिलांचा धान्याच्या कोठारांचा मोठा धंदा, आणि कोर्टांवरचे नवे दिवे त्यांच्याच पैशांनी लागलेले. शरद ऋतूतल्या एका सामन्यात तिनं चक्क रेषेच्या आतला चेंडू बाहेर म्हटला. लोर्नाचा हात वर गेला. मार्नीनं गुण दिला, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "कोच, तुम्ही नक्की कुणाच्या बाजूनं आहात?"

"चेंडूच्या," लोर्ना म्हणाली आणि पुढचे दोन सामने तिनं मार्नीला बाकावर बसवलं.

तिथून दोघींचं जे वाकडं झालं ते सरळ झालंच नाही. मार्नी सरावाला वेळेवर येई, सांगितलेलं सगळं करी, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी "कोच" असं म्हणे की ती शिवी वाटावी. लोर्ना तिच्या चांगल्या फटक्यावर कधी चकार शब्द काढत नसे.

जानेवारीत लोर्ना डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेली. वाचताना शब्दांचा मधलाच तुकडा गळायला लागला होता. डॉक्टर म्हणाले, "डाव्या डोळ्याच्या ऐन मध्यावर डाग आहे, उजव्यातही सुरुवात झालीय. कडेचं दिसत राहील, नेमकं समोरचं पुसट होत जाईल. दिवेलागणीनंतर गाडी चालवू नका."

ती हो म्हणाली आणि कुणालाच काही सांगितलं नाही. जिला रेषा दिसत नाही ती कोच कसली? हात वर करायचा हक्क गेला की तिच्याजवळ उरणार तरी काय होतं? रोज झोपताना ती गुडघे टेकून प्रार्थना करी, पण डोळ्यांसाठी काही मागितलं नाही. मागितलं तर खरं बोलावं लागेल, अशी तिला भीती वाटे.

एप्रिलमध्ये क्रीडा विभागाचे संचालक केंट राउश यांनी तिला बोलावलं. वयानं तिच्याहून बरेच लहान, बोलणं गोड.

"लोर्ना, मार्नीच्या वडिलांचा परत फोन होता. मुलीही कुरकुरतात. शनिवारचा सामना जिंकलात तर आपण मोसमाअखेरच्या स्पर्धेला जातो. मग पुढच्या वर्षाचा करार मी डोळे मिटून करतो. पण तो हात आता खाली ठेवा. परत वर गेला, तर करार नाही."

"आणि पोरींनी लबाडी केली तर?"

"तर ती त्यांची आणि देवाची बाब."

"देवाला इतर कामं आहेत," लोर्ना म्हणाली. आणि ती उठून बाहेर पडली.

शनिवारचा सामना परगावी होता. दुपारभर वारा सुटलेला. एकेक कोर्ट रिकामं होत गेलं, तीन लढती एल्डर क्रीकनं जिंकल्या, तीन समोरच्यांनी, आणि निकाल ठरवायला शेवटी उरली मार्नी. समोर ओर्टेगा नावाची बुटकीशी, काटक मुलगी. दोन्ही संघ कुंपणाला चिकटून उभे. मार्नीला जिंकायला एक गुण हवा होता.

ओर्टेगानं जोरात फटका मारला. चेंडू मागच्या रेषेपाशी पडला.

"बाहेर!" मार्नी ओरडली.

आणि लोर्नाचा हात वर गेला.

मार्नी सावकाश वळली. "नाही," ती म्हणाली. "नाही देणार. बाहेर होता, कोच."

"गुण दे."

"तुम्ही पाहिलात?"

लोर्ना काही बोलायच्या आत ओर्टेगाच जाळीपाशी आली. "मॅम, बाहेरच होता. चांगला वीतभर. माझाच फटका, मारतानाच मला कळलं." तिनं जाळीवरून हात पुढे केला, मार्नीनं तो धरला, आणि सामना संपला.

एल्डर क्रीकच्या मुली धावत कोर्टावर आल्या. लोर्नाला वळसा घालून गेल्या. मार्नीचे वडील कुंपणापलीकडून म्हणाले, "कोच, चष्मा बदला आता." तिकडचे लोकही हसले.

लोर्ना एकटीच उभी राहिली. हात कधी खाली आला ते तिला कळलं नाही. तिनं तो चेंडू पाहिलाच नव्हता. रेषेच्या जागी नुसतं करडं धुकं होतं, आणि त्याच्या कडेला मार्नी स्वच्छ दिसत होती. हात वर गेला तो चेंडूसाठी नव्हे, त्या मुलीसाठी. इतक्या वर्षांत तिनं लबाडीसाठी जितक्या मुलींना बाकावर बसवलं, त्यांतल्या एकीनंही याहून वाईट काही केलं नव्हतं.

मुली आवरून व्हॅनपाशी आल्या तेव्हा सूर्य मक्याच्या रिकाम्या शेतांवर टेकला होता. लोर्ना दारापाशी किल्ली घेऊन उभी होती.

"मार्नी, गाडी तू चालव." कॉलेजची गाडी चालवायची परवानगी मुलींमध्ये तिच्या एकटीकडे होती.

"ही नवी शिक्षा का, कोच?"

"नाही. चेंडू बाहेर होता. मला दिसला नाही. माझे डोळे चाललेत. दिसला नाही तरी हात वर केला, कारण तू होतीस."

मुली एकमेकींकडे बघायला लागल्या. मार्नीचा चेहरा आधी नुसता गोंधळला, मग लाल झाला.

"कधीपासून?"

"जानेवारीपासून."

"जानेवारीपासून तुम्ही आम्हाला या गाडीतून नेताय. अंधारात. बर्फात." तिचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. "माझ्या एका चेंडूवरून मला चोर ठरवलंत. आणि हे काय होतं?"

लोर्नानं सबब शोधली नाही. "त्याहून मोठी चोरी होती," ती म्हणाली.

मार्नीनं किल्ली तिच्या हातातून ओढून घेतली. "मागं बसा. बॅगांपाशी."

लोर्ना मागं जाऊन बसली. प्रवासाला निघताना देवाचं नाव घ्यायचा त्या कॉलेजचा रिवाज होता आणि ते काम नेहमी कोचचं. आज मार्नीनंच स्टिअरिंगवर हात ठेवून डोळे मिटले.

"देवा, आम्हाला सुखरूप घरी ने. जानेवारीपासून नेतोयस तसंच. तुझे आभार मानायचे राहून गेले, आम्हाला माहीतच नव्हतं. आणि सोमवारी केंटसाहेबांना हे सगळं सांगायची बुद्धी कोचना दे. नाही दिलीस तर मी सांगेन. आमेन."

एक मुलगी फिस्सकन हसली आणि लगेच गप्प झाली.

"आमेन," मागून लोर्ना म्हणाली. "बुद्धीसाठी सोमवारची वाट बघायला नको. मी आज घरी पोचल्यावर फोन करते."

मार्नीनं आरशात पाहिलं. नजरेत माया नव्हती, आणि लोर्नानं ती मागितलीही नव्हती.

"पट्टा लावलात?"

"लावला."

गाडी हलली.