कालचं वजन, आजचं वजन

काटे दुरुस्त करणाऱ्या माणसाबद्दल लोकांच्या मनात एक कायमचा संशय असतो: हा दुरुस्त करतो म्हणजे नक्की कोणाच्या बाजूने? ग्रॅमकाकांनी एकतीस वर्षांत हा प्रश्न इतक्यांदा ऐकला होता की उत्तर द्यायचं त्यांनी सोडूनच दिलं होतं. ते पितळी वजनांची पेटी उघडत, वजनं फडक्याने उचलत, काट्यावर ठेवत आणि दुकानदाराकडे न बघता म्हणत, "पन्नास ग्रॅम खातोय." काटा खातोय की दुकानदार, हे ते सांगत नसत. दुकानदाराला ते कळत असे. काकांना खरं नावही होतं, पण ते फक्त विजेच्या बिलावर येई.

उमेदीची आठ वर्षं त्यांनी ट्रकच्या वजनकाट्यावर काढली होती. तिथे प्रत्येक ट्रक दोनदा तोलला जाई, एकदा रिकामा आणि एकदा भरलेला. मधला फरक म्हणजे माल. रिकामा ट्रक तोलायला आणताना टाकी कोरडी, स्टेपनी उतरवलेली आणि ड्रायव्हर खाली उभा असे. भरून आणताना टाकी काठोकाठ, स्टेपनी जागेवर आणि केबिनमध्ये ड्रायव्हर धरून त्याचे तीन मेहुणे. माणूस प्रामाणिक आहे की नाही हे त्याच्या तोंडावरून ओळखता येत नाही, दोनदा तोलल्यावर येतं, हे शिक्षण काकांना तिथे मिळालं. बाकीचं शिक्षण सातवीपर्यंत.

बॉक्सिंग संघटनेने त्यांना मानद वजन अधिकारी केलं त्याला बारा वर्षं झाली होती. मानद म्हणजे चहा मिळे. शुक्रवारी दुपारी वजन आणि शनिवारी संध्याकाळी लढती, हा संघटनेचा नियम. शुक्रवारी काट्यावर जे यायचे त्यांचे ओठ फुटलेले, गाल आत गेलेले. दोन दिवस पाणी तोडलेलं, अंगावर प्लॅस्टिकचा कोट चढवून जिने चढलेले. एकजण तर वजन शंभर ग्रॅम जास्त भरलं म्हणून कोपऱ्यात बसून बाटलीत थुंकत होता. काकांनी त्याला अर्धा तास दिला होता आणि त्याने तो सत्कारणी लावला होता. शनिवारी मात्र, रात्रभर खाऊनपिऊन, रिंगमध्ये या सगळ्यांचे थोरले भाऊ आल्यासारखे दिसत.

काकांनी संघटनेला चार पत्रं लिहिली. चारही वेळा उत्तर आलं की आपलं पत्र मिळालं.

मग मागच्या स्पर्धेत साठ किलोच्या गटात एका प्लंबरचा जबडा मोडला. प्लंबर खराखुरा साठ किलोचा होता, वर्षभर साठच. काका त्याला भेटायला दवाखान्यात गेले. जबडा तारेने बांधलेला, त्यामुळे त्याने पाटीवर लिहून विचारलं, "तो खरंच साठचा होता?" त्या प्रतिस्पर्ध्याच्या साठच्या कागदावर काकांनीच सही केली होती. ते म्हणाले, "शुक्रवारी होता." प्लंबरने पाटी पुसली आणि भिंतीकडे तोंड केलं.

त्या दिवशी काकांनी ठरवलं. पुढच्या अंतिम लढतींना शनिवारीही काटा लावायचा, रिंगच्या शेजारी, सगळ्यांसमोर. कोणाला बाद करायचं नाही, नियम मोडायचा नाही. फक्त तोलायचं आणि फळ्यावर लिहायचं. लोक म्हणतील पोरीसाठी केलं, म्हणून पहिली आपली पोरगी.

कारण त्यांची मुलगी त्या अंतिम फेरीत होती. वय चोवीस. बस डेपोत टायर बदलायची आणि चोपन्न किलोच्या गटात खेळायची. जिंकली तर विभागाच्या संघात जागा होती. चार वर्षं ती या एका जागेसाठी पहाटे उठत होती.

शनिवारी सकाळी जेवायच्या टेबलाशी काकांनी बेत सांगितला. मुलगी दुसऱ्यांदा वाढून घेत होती. तिचा हात थांबला.

"बाबा, आज नको. पुढच्या स्पर्धेपासून करा."

"का? तुला काय भीती? तुझ्यासमोरची ती लॉन्ड्रीवाली फुगून येणार. तू चोपन्नची चोपन्नच."

बायकोने स्वयंपाकघरातला नळ बंद केला आणि ती बाहेर आली.

"अहो," बायको म्हणाली, "गावातल्या साखरेच्या पोत्यांचं वजन तोंडपाठ आहे तुम्हाला. पोरीचं माहितीये का?"

काकांच्या घरात काटा नव्हता. दिवसभर काटेच बघायचे तर घरी तरी नको, असा त्यांचा जुना आग्रह. मुलीला ते फक्त स्पर्धेच्या शुक्रवारी तोलत आणि प्रत्येक वेळी काटा चोपन्नला येऊन थांबे. स्पर्धेच्या आधी तीन दिवस बाथरूममधून वाफा येत, दारं बंद असत, गरम टॉवेल आत जात. काकांना वाटे, पोरीचं अंग दुखतंय. बापाला एवढं वाटलं म्हणजे त्याने आपलं काम केलं.

"किती?" त्यांनी विचारलं.

"आत्ता असेन सत्तावन्न. अठ्ठावन्नही असेन," मुलगी म्हणाली. "सगळेच करतात बाबा. मी एकटीने नाही केलं तर मला सत्तावन्नच्या गटात जावं लागेल, आणि तिथे बासष्टच्या येतात. मग मी काय करायचं? तुमची सही चाटायची?"

"सगळ्या दुकानदारांनी पन्नास ग्रॅम मारले तर गिऱ्हाइकाला पूर्ण किलो मिळतो का?"

"मी गिऱ्हाईक नाहीये. मी मार खाते."

तिने बॅग उचलली. दारात वळून म्हणाली, "काटा आणलात तर मी चढणार नाही. सांगून ठेवते." बायको नवऱ्याकडे बघत राहिली. काका उठले, फडकं घडी करून खिशात घातलं आणि टेम्पोवाल्याला फोन लावला.

साडेचारला हॉल भरला होता. ओतीव लोखंडाचा काटा चौघांनी मिळून रिंगशेजारी ठेवला. काकांनी त्यावर पितळी वजनं ठेवून तो बरोबर असल्याची सर्वांसमक्ष खात्री केली. शेजारी फळा उभा केला आणि त्यावर दोन रकाने आखले: कालचं वजन, आजचं वजन.

संघटनेचे सेक्रेटरीसाहेब धावत आले. ते धावत तेव्हा फक्त त्यांची बॅज लावलेली बाजू पुढे जाई.

"काका, हे काय? वजन काल झालं."

"काल झालं ते कालचं. हे आजचं."

"नियमात एकदाच आहे."

"नियमात दोनदा करू नका असं कुठंय? पान दाखवा."

"अहो, सगळेच वजन उतरवतात, सगळेच भरून येतात. म्हणजे बरोबरीच झाली ना?"

"कोणी दोन भरतो, कोणी सात. ही बरोबरी?"

"शरीरं आहेत काका ती! बटाटे नाहीत."

"तेच सांगतोय. बटाटे पिशवीत गेल्यावर फुगत नाहीत."

जवळची माणसं हसली. सेक्रेटरींनी काटा हलवायचा हुकूम सोडला, पण आणणारे चौघे चहाला गेले होते आणि उरलेले दोघे स्वयंसेवक कॉलेजात इतिहास शिकणारे होते. त्यांनी काट्याला हात लावून पाहिला आणि मागे सरले.

"कोणावर जबरदस्ती नाही," काका मोठ्याने म्हणाले. "नाही चढला तर 'आला नाही' असं लिहीन."

तेवढ्यात पहिली लढत पुकारली. चोपन्न किलो, महिला. लाल कोपऱ्यातून त्यांची मुलगी आली. ती काट्यापाशी थांबली. काकांनी खडू हातात घेतला होता. फळ्यावर तिच्या नावापुढे ५४.० लिहिलेलं होतं आणि पुढचा रकाना कोरा होता. तिने बापाकडे पाहिलं. काकांनी नजर खाली घेतली नाही.

मागून कोणीतरी ओरडलं, "घरचीच आहे, सोडा की काका!"

त्या एका वाक्याने काम केलं. मुलीने ओरडणाऱ्याकडे पाहिलं, झटकन बूट काढले आणि काट्यावर चढली.

"मोठ्याने वाचा," ती बापाला म्हणाली.

"सत्तावन्न किलो आठशे."

हॉलमध्ये हुंकार उठला. काकांनी लिहिलं. खडू मोडला, त्यांनी अर्ध्या खडूने उरलेलं लिहिलं.

निळ्या कोपऱ्यातली लॉन्ड्रीवाली हे सगळं बघत होती. इस्त्रीच्या खोलीत वाफ फुकट मिळते, त्यामुळे वजन उतरवण्यात ती तालुक्यात पहिली मानली जाई. तिचा कोच तिचा दंड धरून कानात बोलत होता. तिने दंड सोडवून घेतला. "ती चढली, मी काय खाली राहू?" म्हणत ती चढली.

"एकोणसाठ किलो शंभर."

"बापरे," लॉन्ड्रीवाली स्वतःच म्हणाली आणि उतरली.

निवेदकाने पुन्हा पुकारलं, "चोपन्न किलो वजनगट, अंतिम लढत!" सगळा हॉल फळा वाचून हसला. निवेदक लाजून खाली बसला. लढत मात्र कोणी हसण्यासारखी नव्हती. दोघींनी तीन फेऱ्या एकमेकींना असं मारलं की पुढच्या रांगेतल्या बायकांनी खुर्च्या मागे घेतल्या. पंचांनी मुलीचा हात वर केला. तिचा डावा डोळा बंद झाला होता.

बाकीच्या लढतींत अकराजण काट्यावर चढले, पाचजण 'आले नाहीत'. फळा भरला.

मग सेक्रेटरी निकालाचा कागद घेऊन आले. वजन अधिकाऱ्याच्या सहीशिवाय निकाल विभागाकडे जात नसे. कागदावर टाइप केलं होतं: वजन ५४.०.

"सही करा काका. पोरगी जिंकलीये. संघात जाईल. आणखी काय पाहिजे?"

"आजचा आकडाही लिहू द्या."

"मग विभागात वर बसलेले तो आकडा बघून ही लढतच रद्द करतील! तुमच्याच पोरीची!"

काकांनी पेन टेबलावर ठेवलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना एखादं वजन उचलवत नव्हतं, आणि ते एका पेनाचं होतं. त्यांनी मुलीकडे पाहिलं. ती बर्फाची पिशवी डोळ्याला लावून बाकावर बसली होती. शेजारी लॉन्ड्रीवाली आपल्या हाताची पट्टी सोडत होती.

"माझ्याकडे काय बघता?" मुलगी म्हणाली. "सगळ्या गावाने वाचलंय. आता लपवून काय ठेवायचं?"

ती उठली. एका डोळ्याने कागद जवळ धरला, पेन घेतलं आणि ५४.० च्या पुढे स्वतःच लिहिलं: लढतीच्या वेळी ५७.८. मग लॉन्ड्रीवालीच्या नावापुढे ५९.१. लॉन्ड्रीवालीने वाकून बघितलं आणि म्हणाली, "शंभर ग्रॅम सोडू नको हं." सोडले नव्हते.

"रद्द झाली तर?" सेक्रेटरी म्हणाले.

"तर परत लढू. सत्तावन्नात लढू, साठात लढू," मुलगी म्हणाली. "पण त्याच दिवशी तोला. मला जेवून लढायचंय."

"मला पण," लॉन्ड्रीवाली म्हणाली.

मुलीने पेन बापापुढे केलं. काकांनी दोन्ही आकडे वाचले, फळ्याशी ताडून पाहिले आणि खाली सही केली, पूर्ण नावाची.