कमरेवरचे हिरवे ठिपके

काकू प्रयोगशाळेत दाखल झाली तेव्हा बरोबरची मुलं तिच्या लेकीच्या वयाची होती, म्हणून हे नाव तिला चिकटलं. लग्नानंतर सुटलेलं शिक्षण पुन्हा धरायला लावलं ते तिच्या सासऱ्यांनी, अण्णांनी. गाड्या दुरुस्त करण्यात त्यांचा जन्म गेला होता. "तू जा, घर मी बघतो," म्हणाले, आणि पहिल्याच आठवड्यात निम्मी पातेली करपवली.

तिच्या संशोधनाचा विषय ऐकून तर स्वारी भलतीच खूश झाली. पेशीचं विभाजन होताना गुणसूत्रांना बारीक धाग्यांवरून ओढत मधोमध आणणारं एक प्रथिन असतं. त्याला मोटर प्रथिनच म्हणतात. ते गुणसूत्रावर नेमकं कुठं बसतं, हे काकूला शोधायचं होतं.

"मोटर ना? मग टोकाला असणार," अण्णांनी निकाल देऊन टाकला. "ओढायचं म्हणजे इंजिन पुढंच हवं!"

"बघू या."

पण बघणं सोपं नव्हतं. पेशी मारून काचेवर पक्क्या करायच्या, त्या प्रथिनाला चिकटणारा हिरवा रंग सोडायचा आणि भिंगाखाली धरायच्या. कितीही धुवा, हिरवं सगळीकडेच दिसे, जणू कुणी बाटली लवंडलीय. वर्ष असंच गेलं. शेवटी मार्गदर्शक बाई म्हणाल्या, "सोड हे प्रथिन. दुसरं घे."

त्या रात्री काकूच्या डोक्यातून ते जाईना. रंगच लबाड असेल तर? भलत्याच प्रथिनांना चिकटत असेल तर? दुसऱ्या दिवशी तिनं बाईंना गाठलं.

"रंग नकोच. प्रथिनालाच हिरवी चमकणारी शेपटी जोडते. एकदा जिवंत पेशीत बघू द्या."

बाई हो-नाही करत कबूल झाल्या.

पेशी तयार झाल्या त्या सकाळी काकूनं भिंगाला डोळा लावला. लाल रंगवलेल्या गुणसूत्रांच्या कमरेपाशी, जिथं धागे येऊन जुळतात, तिथं हिरवे ठिपके जोडीजोडीनं लुकलुकत होते. कमरेच्या दोन्ही बाजूंच्या भुजा मात्र अगदी कोऱ्या. ती अशी किंचाळली की शेजारच्या खोलीतले लोक आग लागली समजून धावत आले. बाईंनी पाहिलं आणि तिला मिठीच मारली.

काकूनं फोन केला आणि दुपारी अण्णा ठेवणीतला कोट घालून हजर.

"अण्णा, हरलात! मोटर कमरेला आहे."

"आं? बघू!" काकूनं सकाळचं चित्रण पडद्यावर लावलं, तसे ते त्याला नाक लावून बसले. गुणसूत्रं मधोमध रांगेत उभी होती. बघता बघता ती दुभंगली, निम्मी इकडे, निम्मी तिकडे निघाली; हिरवं मात्र मधेच राहिलं. "अगं, मोटर मागंच राहिली की!"

"तिथवर आणणं तिचं काम होतं. आता ओढणारे दुसरे. ती मधेच थांबते."

"वा गं पठ्ठे! पुन्हा लाव."

मुलं भोवती जमली. अण्णा त्यांना सगळं समजावून सांगू लागले, निम्मं चुकीचं, पण अशा थाटात, की बाईंनीही खुर्ची ओढली आणि गुपचूप ऐकत बसल्या.