बाबांची पूर्व

माझे वडील शाळेत भूगोल शिकवायचे. सूर्य उगवला असं कुणी म्हटलं, की ते शांतपणे सांगायचे, "तो कुठेही जात नाही. पृथ्वी ज्या बाजूला फिरते, तिला आपण पूर्व म्हणतो."

शेवटी ते दवाखान्यात अतिदक्षता विभागात होते. तिथे खिडकी नव्हती आणि दिवे कधी विझत नसत. एका दुपारी त्यांनी मला विचारलं, "पूर्व कुठे रे?"

मला ठाऊक नव्हतं. त्यांना बरं वाटावं म्हणून मी डावीकडच्या भिंतीकडे बोट केलं. त्यांनी कष्टाने मान वळवली.

"म्हणजे आपण तिकडे चाललोय," ते म्हणाले.

संध्याकाळी बाहेर जिन्यावर आलो, तर त्याच बाजूने मावळतीचं ऊन येत होतं. मी परत फिरलो, पण भेटायची वेळ संपली होती. उद्या सांगू, असं मनाशी म्हटलं.

पहाटे फोन आला. रात्रभर पृथ्वी आम्हा दोघांना सारखीच पूर्वेकडे नेत होती. बाबा मात्र मी दाखवलेल्या उलट्या बाजूला बघत गेले. हे मी अजून आईला सांगितलेलं नाही.